वीणा गळ्यात, भाकरी हातात

जमलेल्या गावकऱ्यांना, बाहेरगावच्या पाहुण्यांना, आयाबायांना माझा नमस्कार.

मी सुनंदा. भानुदास आबांची नात, त्यांच्या थोरल्या मुलाची पोरगी. उमरगा डेपोत कंडक्टर हाय. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना मी ओळखते, कारण खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यावरनं तुम्ही माझ्याशी भांडलेत.

मघाशी देवस्थानचे अध्यक्ष मला म्हणाले, "पोरी, दोन शब्द बोल आन आवर." दोन शब्द बोलणं अवघड जातंय, खरं सांगते. रडून घसा बसलाय म्हणून न्हाय. एवढा वेळ इथं बसून एकेकाचं भाषण ऐकत होते आन जीभ दाताखाली धरून बसले होते. आता माईक तुम्हीच हातात दिलाय.

जरा मागं वळून बघा. सगळे बघा. देवळाच्या दारात तो फ्लेक्स हाय ना? वर मोठ्या अक्षरात 'वीणेकरी भानुदास आबा' लिहिलंय. खाली शोकाकुल म्हणून अख्ख्या समितीचे चेहरे हायत, त्यातल्या दोघा शोकाकुलांनी गॉगल घातलाय. मधे आबा. हा फोटो आधार कार्डावरचा. सेंटरवाल्या पोरानं त्यांना "हलू नका" म्हणून दटावलं होतं, म्हणून असे दचकल्यासारखे दिसतायत. आन त्यांच्या हातात वीणा दिलीय. आधार काढायला कुणी वीणा घेऊन जातं का? ती कॉम्प्युटरवर चिकटवलीय. आन चिकटवताना भोपळा वर गेलाय, खुंट्या खाली आल्यात. उलटी वीणा! करणाऱ्या पोराला वीणा म्हाईत नसेल, ते जाऊ द्या. लावणाऱ्यांनी तर बघायची? ह्या माणसाच्या गळ्यातली वीणा तुम्ही जिवंतपणी काढून घेतली, आन मेल्यावर परत दिली ती अशी.

हसू नका गुरुजी. तुमच्याकडं येणारच हाय मी.

पाहुण्यांना सगळं म्हाईत नसेल, म्हणून पहिल्यापासून सांगते. आमच्यात एक रीत हाय, तुमच्याकडंबी असेल. घरात मयत झाली की त्या घरची चूल पेटत न्हाय. माती देऊन, नाहीतर अग्नी देऊन माणसं परत आली की शेजारपाजारचं कुणीतरी भाकरी-पिठलं घेऊन येतं आन पहिला घास त्यांच्या तोंडात घालतं. त्याला कडू घास म्हणायचं. कडू, कारण तो गिळत न्हाय. पण गिळावा लागतो.

भूकंप झाला त्या पहाटे आबांचं घर बसलं. त्यात त्यांचा थोरला भाऊ गेला आन धाकटी लेक गेली, माझी आत्या. दोघांना आबांनी हातानं दगड उपसून काढलं. आन मग आबा, आजी, माझा बाप आन चुलता नुसते बसून राहिले. घास आणायचा कुणी? गावात असं घरच न्हवतं जिथं मयत न्हाय. सगळ्यांच्याच चुली गार. तेव्हा हायवेवरनं एक ट्रकवाला मदतीला आलेला, कर्नाटकातला. मराठी येत न्हवतं त्याला. त्यानं फडक्यातली भाकरी सोडली, आबांच्या पुढ्यात उकिडवा बसला आन आबांच्या तोंडात घास धरला. म्हणाला, "ऊटा माड." जेव म्हणाला. आबा जेवले. त्याचं नाव विचारायचं राहिलं, जात तर कुणाला सुचलीच न्हाय.

तेव्हापासून आबांनी हे काम धरलं. गावात कुणाचीबी मयत असो, आजी भाकऱ्या थापायची आन आबा फडक्यात बांधून निघायचे. पाटलाच्या घरी गेले, धनगराच्या गेले, मांगवाड्यात गेले, मशिदीमागं गेले. जाऊन पुढ्यात उकिडवं बसायचं, घास धरायचा आन म्हणायचं, "ऊटा माड." लहानपणी मला वाटायचं तो मंत्रच हाय काहीतरी. आबांचा धर्म म्हणाल तर तेवढाच होता. पहाटे नाम, दिवसभर रान, आन मयतीच्या घरी भाकरी. मी एकदा विचारलं, आबा, रोज देवाला काय मागता वो? तर म्हणाले, "म्या कशाला मागू? त्यालाबी त्याचा परपंच हाय की. म्या आपलं इचारतो, बरा हायस न्हवं?"

घरातबी माणूस तसाच. आजी ताटावर बसल्याबिगर आबांनी कधी घास मोडला न्हाय. मी कंडक्टर झाले तेव्हा आमच्या भावकीनं तोंडं वाकडी केली, पोरीची जात, गाडीत गड्यांच्या गर्दीत उभी राहणार म्हणून. आबा पहिल्या दिवशी डेपोत येऊन पहिल्या बाकावर बसले. लोहाऱ्यापर्यंत चढणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "ही माझी नात हाय. हिचं ऐकायचं." लाजून मेले मी. पण त्यानंतर मला कुणाची लाज वाटली न्हाय, आजबी वाटत न्हाय.

आता वीणेचं ऐका.

ह्या देवळात दर साली सप्ताह असतो. सात दिवस वीणा अखंड चालते. एकानं गळ्यात घालून उभं राहायचं, नाम घ्यायचं, त्याचा पहारा संपला की दुसऱ्यानं पाया पडून घ्यायची. वीणा खाली टेकवायची न्हाय. दुपारचा पहारा आबांचा. त्यांच्यानंतरचा गुरुजींचा.

काही वर्षांमागं सप्ताहातच शिवाचा बाप वारला. शिवा म्हणजे गावाच्या कडेला, पाण्याच्या टाकीपलीकडं राहतो तो. त्यानं परजातीची पोरगी करून आणली होती. त्यावरनं गावानं त्याला वाळीत टाकलेलं. अध्यक्षांना हा शब्द आवडत न्हाय. ते म्हणतात, "आम्ही कुणाला वाळीत टाकलं न्हाय, कायद्यानं टाकता येत न्हाय. आम्ही फक्त जात न्हाय." ऐकलं पाहुणे? फक्त जात न्हाय. त्याच्या गिरणीला कुणी दळण टाकत न्हाय, हळदी-कुंकवाला त्याच्या आईला कुणी बोलवत न्हाय, त्याच्या बापाला खांदा द्यायला कुणी आलं न्हाय. बाकी वाळीत-बिळीत काही न्हाय.

मी त्या दिवशी इथंच होते, त्या खांबाजवळ. आबांना पहाऱ्यात उभं असताना कळलं. त्यांनी पहारा पुरा केला. मग गुरुजींकडं वळले, "घ्या गुरुजी. मला टाकीकडं जाऊन यायचंय." सगळ्यांना कळलं टाकीकडं म्हणजे कुठं. अध्यक्षांनी नुसतं गुरुजींकडं बघितलं. आन गुरुजी म्हणाले, "आबा, माझी पाठ धरलीया." आन मटकन खाली बसले. गुरुजी, मघाशी तुम्ही ह्याच माईकवर आबांना माणुसकीचा महामेरू म्हणालात. उभं राहून म्हणालात. लई वेळ उभे होता, पाठ बरी दिसतीय.

आबा दुसऱ्याकडं गेले, वीणा घे बाबा. तो चपला शोधायला लागला. तिसऱ्याला फोन आला. सगळा मांडव भिंतीला टेकला. डोकं बघा कसं चालवलं! वीणा खाली ठेवता येत न्हाय, घेणारा कुणी न्हाय, मग म्हातारा जातोय कुठं? देवाला दावं करून माणूस बांधला तुम्ही. एवढी अक्कल रस्त्यासाठी वापरली असती तर गावाला डांबर दिसलं असतं.

आबा वीणेकडं बघून म्हणाले, "बरं. कुणी घिईना म्हंजी हिलाबी यायचं दिसतंय." आन निघाले. वीणा गळ्यात, तार छेडत, तोंडानं नाम चालू. आमच्या दारात आजी गाठोडं घेऊन उभीच होती. ते एका हातात घेतलं. मी मागनं चालले. भूकंपानंतरचं गाव आपलं, सरळ रेघेतल्या गल्ल्या, ह्या टोकाचं माणूस त्या टोकाला दिसतं. सगळ्यांनी बघितलं. दारं लागत गेली, आमच्या पुढं एक-एक.

शिवाची आई, गोदामावशी, दारातच बसलेली. ती घाबरली. म्हणाली, "आबा, वीणा घिऊन आलाव? सुतकाचं घर हाय. देव बाटंल न्हवं."

आबा उकिडवे बसले, वीणा मांडीवर धरली, एका हातानं तार, एका हातानं घास. म्हणाले, "बाटणारा देव म्या गळ्यात कशाला घालू? खा. ऊटा माड."

तुम्ही सगळ्या तालुक्याला सांगितलं, भानुदासानं सप्ताह मोडला. मी ह्या देवाच्या पुढ्यात सांगते, मोडला न्हाय. वीणा एक क्षण जमिनीला टेकली न्हाय. नाम एक क्षण थांबलं न्हाय. त्या वेळात इथं मांडवात काय चालू होतं? समितीची मीटिंग. सप्ताह त्या दिवशी शिवाच्या दारात चालला होता.

परत आलो तर देवळाच्या दाराला साखळी. अध्यक्षांनी दारातच वीणा काढून घेतली आन तिच्यावर गोमूत्र शिंपडलं. आबांवर न्हाय शिंपडलं. त्यांना धुवून घ्यायचंच न्हवतं तुम्हाला. त्या दिवसापासून आबा ह्या देवळाची पायरी चढले न्हाईत. आमच्या दारातल्या कडुलिंबाखाली टाळ घेऊन बसायचे आन नाम घ्यायचे. मला लई राग यायचा. आबा म्हणायचे, "आगं, हितं वारा हाय. तिथं लई कोंदट व्हायचं."

आज मात्र तुम्ही त्यांना देवळात घेतलं. फोटोत.

अध्यक्ष, खाली काय बघताय? तुमचं तर अजून सांगायचंय. त्यानंतर दोन पावसाळ्यांनी तुमची आई गेली. तुमच्या दारात गाड्या मावत न्हवत्या. पुढारी आले, हार आले. आन सगळे गेल्यावर तुमच्या ओसरीवर भाकरी घेऊन कोण आलं? मी आजीला म्हटलं होतं, त्या घरी नको. आजीनं मला लाटण्यानं मारायचंच राहिलं. आबा तुमच्या पुढ्यात उकिडवे बसले. तुम्ही लेकरासारखे रडलात आन त्यांच्या हातनं घास खाल्लात. तेव्हा विटाळ कुठं गेला होता, अध्यक्ष? आईच्या दुःखात विटाळ विसरला, ते मी समजू शकते. पण दुसऱ्या दिवशी देवळाची साखळी परत लावायचं बरोबर आठवलं तुम्हाला. थू असल्या आठवणीवर.

आता आबा गेले त्या दिवसाचं सांगते.

दुपारी गेले. संध्याकाळी अग्नी दिला. सगळं गाव होतं, खोटं कशाला बोलू. मोटारसायकली तर सास्तूरपासनं आल्या. अर्ध्यांनी स्टेटस ठेवलं, 'निःशब्द'. ज्यांचं तोंड मी गाडीत कधी बंद बघितलं न्हाय, ते सगळे निःशब्द. मग आंघोळी करून आपापल्या घरी गेलात. दिवे लागले. घराघरातनं फोडणीचा वास यायला लागला. आम्ही बसून होतो. आता कुणी येईल, मग कुणी येईल.

कुणीच आलं न्हाय.

तुम्ही ठरवून केलं असतं तर मला एवढं वाईट वाटलं न्हसतं. तुमच्या लक्षातच आलं न्हाय. ह्या गावात मयत झाली की घास आबा नेतात, हे तुमच्या इतकं अंगवळणी पडलं की आबाच गेले तर काय, हे एकाच्याबी डोक्यात आलं न्हाय. तीस वर्षं एका माणसानं तुमच्या वाटणीची माणुसकी केली आन तुम्ही ती करायची कशी तेच विसरलात. फ्लेक्सचं मात्र त्याच संध्याकाळी छापायला सांगितलं होतं.

आन आजी. ती कोपऱ्यात बसली होती. अंधार पडला तशी उठली, भिंतीला धरून चुलीकडं गेली, काठवट ओढली. म्हणाली, "सुनंदे, पीठ दे. गावात मयत झालीया न्हवं? ह्यांना भाकरी बांधून द्यायची हाय." मग थांबली आन मला विचारलं, "कुणाचं घर गं?"

सांगा की. कुणीतरी सांगा, मी काय बोलायचं होतं?

तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. शिवा, मागं त्याची बायको, आन दोघांच्या मधे धरून आणलेली गोदामावशी. तिचे पाय गेलेले, दम लागत होता. मांडीवर गाठोडं. दारातनंच म्हणाली, "आत यिऊ का?" आन आमच्याच घरातला एक शहाणा, माझा चुलता, पहिल्या रांगेत बसलाय, म्हणाला, "बाहेरच ठेवा." उपाशी पोटी त्याला जात सुचली. आबांच्या पोटचा पोरगा. काका, तुमची पण लाज वाटली मला, ती इथं सगळ्यांपुढं सांगते.

आजी म्हणाली, "गोदे, आत ये." शिवानं तिला उचलून आजीच्या पुढ्यात बसवलं. तिनं घास धरला आन म्हणाली, "वैनी, ऊटा माड." तेव्हा आजीला कळलं कुणाचं घर ते. तेव्हा ती पहिल्यांदा रडली, आन रडत रडत तिनं तो घास गिळला. आम्ही सगळ्यांनी खाल्लं. काकांनीबी खाल्लं शेवटी.

मघाशी अध्यक्षांनी जाहीर केलं, आबांच्या नावानं देवळापुढं कमान बांधणार. टाळ्या झाल्या. शोकसभेत टाळ्या! मी आजीला विचारलं, तुझं काय म्हणणं? ती म्हणाली, "कमान कशाला? हाय त्या दाराची साखळी काढा म्हनावं." तुम्ही कमान बांधणार, म्हाईत हाय मला. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तसं तुम्हाला आबांवर आपलं नाव टाकून ठेवायचंय.

आता मघापासनं कुजबुज चाललीय ती ऐकायले मी. थोरला मुलगा कुठं हाय? बापाच्या शोकसभेला मुलगा न्हाय? सांगते, कुठं हाय ते. आज सकाळी गोदामावशी गेली. आबांच्या गोड जेवणाची पंगत बसली होती, तुम्हाला बुंदी वाढत होते, तेव्हा निरोप आला. माझ्या बापानं बुंदीचं भांडं खाली ठेवलं आन गेला. तुम्हाला पण कळलं होतं. कुजबुज झाली, मी ऐकली. आन मग कुणीतरी म्हणालं, "बुंदी आण इकडं." तिला खांदा शिवानं दिला, त्याच्या सासरच्यांनी दिला आन माझ्या बापानं दिला. मघाशी इथं गुरुजी बोलत होते तेव्हाच टाकीपलीकडं धूर दिसत होता. तुम्ही तिकडं पाठ करून बसला होता. आता ते परत आले असतील. चूल गार हाय.

आजीनं दुपारी भाकऱ्या थापल्यात. गाठोडं तिच्या मांडीवर हाय. आबा न्हाईत, म्हणून ती मला म्हणाली, तू ने. नेते की. पण मी उमरग्याला राहते, रोज ड्युटी असते. पुढच्या मयतीला कोण नेणार? आबांचं काम हे एवढंच होतं, आन ते आज संपतंय का राहतंय, ते आता ह्या मांडवात कळेल.

शेवटी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून श्रद्धांजली वाहायची, असं मला सांगायला सांगितलंय. उभे राहा. शिवाच्या बापाच्या वेळी राहिलात, त्याच्या आईच्या वेळी राहिलात, तुमचा हात त्यात चांगला बसलाय. मला थांबायला जमणार न्हाय.

आजी, ऊठ. माझ्या खांद्याला धर.

गुरुजी, वीणा तुमच्या मागं खुंटीला हाय. आबांनंतरचा पहारा तुमचा होता. त्या दिवशीचा तो अजून तुमच्याकडं राहिलाय. पाठ बरी असली तर गळ्यात घाला आन या आमच्या मागनं. टाकीपलीकडचं घर, वाट तुम्हाला म्हाईत हाय.

आबा, तुमच्या पाया तिथं गेल्यावर पडते. भाकरी गार व्हायलीय.